धक्का न घेणारी गाडी

माझी गाडी विजेवर चालते हे संत तुकाराम नगरातल्या आमच्या जुन्या बिल्डिंगीला कळलं, तेव्हापासून तिथं पाय ठेवला की एकच प्रश्न. "किती जाते गं?" एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर, असं विचारायचं असतं. मी आकडा सांगायचे. काका मंडळी एकमेकांकडं बघायची आणि त्यातला कुणीतरी हमखास म्हणायचा, "हां, पण मधेच बंद पडली म्हणजे?" मी तोऱ्यात सांगायचे, नाही पडत हो, हिच्यात बंद पडण्यासारखं आहेच काय! अशी बढाई माणसानं मारू नये. निदान त्या बिल्डिंगीत तरी मारू नये, जिथल्या निम्म्या लोकांचं आयुष्य कंपनीत गाड्या जोडण्यात गेलं आहे.

तर ती बंद पडली. आणि पडली कधी, तर मी आईला कायमची माझ्याकडं न्यायला गेले त्या दिवशी. कुठं, तर बिल्डिंगीच्या दारात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

आधी आईचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. बाबा गेल्यावर ती त्या दोन खोल्यांत एकटीच राहत होती. मी तिची एकुलती एक लेक, राहायला मारुंजीला, नोकरीला चाकणला. मी सारखी म्हणायचे, चल माझ्याकडं. ती म्हणायची, "बघू." आईच्या "बघू"चा अर्थ मला लहानपणापासून माहीत आहे. सायकल पाहिजे म्हटलं होतं तेव्हाही ती "बघू" म्हणाली होती आणि मी लग्नापर्यंत चालतच गेले. मग गेल्या पावसाळ्यात दुखऱ्या गुडघ्यांनी दगा दिला आणि ती न्हाणीत घसरून पडली. हाड मोडलं नाही, पण उठता येईना. सकाळी समोरच्या काकूंनी हाक मारली, ओ आली नाही, म्हणून त्या आत गेल्या, तर ही ओल्या फरशीवर. मी विचारलं, "अगं, रात्रभर हाका का नाही मारल्यास?" तर म्हणते, "लोक झोपलेले होते." आता काय बोलावं या बाईला!

त्यानंतर मी तिच्या मागंच लागले. रुसले, भांडले, नवऱ्याला फोन करायला लावला. तिला वाटायचं, लेकीच्या घरी पाहुणी म्हणून जावं, मुक्कामाला जाऊ नये. शेवटी दिवाळी झाल्यावर म्हणाली, "तू म्हणतीस तर येते." येते म्हणाली खरी, पण तेव्हापासून ती माझ्याशी आदबीनं वागायला लागली. "तुझ्या सोयीनं ये गं." "तू म्हणशील ते सामान घेते." आई मला शिव्या घालायची तेव्हा मी सुखी होते. या आदबीनं माझं डोकं फिरायचं. मला ती यायला हवी होती, मनापासून. नुसत्या चार पिशव्या आणि एक गप्प म्हातारी असं मला न्यायचं नव्हतं.

आमच्या घरात बॅटरी हा शब्द जेवणाच्या ताटाशी रोज यायचा. बाबा कंपनीच्या बॅटरी रूमला होते. नव्या गाड्यांत बसवायच्या बॅटऱ्यांत ॲसिड भरायचं, त्या चार्जिंगला लावायच्या, तपासायच्या, पुढं पाठवायच्या, हे त्यांचं काम. त्यांच्या शर्टांना भोकं असायची. ॲसिडचा थेंब उडाला तर कापडावर तेव्हा काही दिसत नाही, धुवायला घेतलं की तेवढा भाग हातात येतो. आई कपडे पिळताना रोज शिव्या द्यायची. बाबांना नाही, बॅटरीला. "मेली ती बॅटरी!" म्हणायची. बाबांच्या जुन्या पँटची तिनं मला शाळेची पिशवी शिवली होती, तिलाही भोकं. पेन्सिली गळायच्या. वर्गात शेजारची पोरगी विचारायची, तुमच्याकडं उंदीर फार आहेत का?

बाबांचं एक होतं, बॅटरी उतरली असं ते कधी म्हणत नसत. "उपाशी आहे," म्हणायचे. पाहुण्यांच्या स्कूटरचा दिवा मंद दिसला तरी म्हणायचे, "अहो, हिला उपाशी का ठेवलंय?" आणि पाहुण्यांचा चहा होईपर्यंत ते खाली जाऊन बसलेले.

मी चाकणला गाड्यांचं वायरिंग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला लागले तेव्हा त्यांना कोण आनंद! म्हणाले, "म्हणजे आमची बॅटरी आणि तुझ्या वायरी." विजेच्या गाड्यांचं काम आलं तोवर ते रिटायर झाले होते, पण मी घरी गेले की खोदून खोदून विचारायचे. त्यांना वाटत होतं, आता आपल्या बारा व्होल्टच्या बॅटरीचा जमाना संपला. मी म्हटलं, छे हो बाबा, ती आहेच की आत! त्यांचा विश्वास बसेना. मग मी त्यांना सांगितलं तेच इथं सांगते.

विजेच्या गाडीत दोन संसार असतात. एक मोठ्या बॅटरीचा, गाडीच्या पोटाखाली असते ती. तिच्या केबली जाड, नारिंगी, हात लावायची सोय नाही. दुसरा संसार बारा व्होल्टच्या छोट्या बॅटरीचा. दिवे, वायपर, काचा, दारांची कुलपं, समोरचा स्क्रीन, आतले सगळे कॉम्प्युटर हिच्या बारीक रंगीत वायरींवर. आमच्याकडं नवीन पोरंपोरी कामाला लागली की सगळ्यांना नारिंगी केबलच्या लाइनवर जायचं असतं. बारीक वायरींना कोणी विचारत नाही. मी त्यांना खडसावते, "मोठी बॅटरी चालू कोण करतं रे?" गाडी उभी असते तेव्हा मोठी बॅटरी मुद्दाम तोडून ठेवलेली असते, नाहीतर कुणाचा जीव जायचा. आपण बटण दाबलं की आधी छोटी उठते, कॉम्प्युटरना उठवते, आणि तिच्याच जोरावर मोठीचा स्विच आत ओढला जातो. मग मोठी कामाला लागते आणि पहिल्यांदा छोटीला भरवते. छोटी मेली तर मोठी काठोकाठ भरलेली असून उपयोग शून्य. हायब्रिड गाडीतही थोड्याफार फरकानं हाच कारभार. बाबांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि आईला हाक मारून म्हणाले, "ऐकलंस का? अजून आमच्यावाचून चालत नाही त्यांचं." त्या दिवशी त्यांनी स्वतः बाहेर जाऊन भजी आणली.

तर तो रविवार. मी सकाळीच पोचले, गाडी बिल्डिंगीच्या दारात लावली, डिकी उघडली, चारी दारं उघडली आणि सामान बांधायला वर गेले. आमच्या बिल्डिंगीत कुणी कायमचं निघालं की एक पद्धत आहे. प्रत्येक घरातून काही ना काही येतं, पण ते निघणाऱ्याच्या हातात देत नाहीत. आपल्या हातानं त्याच्या सामानात नेऊन ठेवतात. हातात दिलं तर माणूस "नको नको" करतो, सामानात ठेवलं की बोलायची सोय राहत नाही. पूर्वी टेम्पोत ठेवायचे, आता माझ्या डिकीत. आणि सगळ्यांचं ठेवून होईपर्यंत डिकी लावायची नाही. लावली तर मागून येणाऱ्या बाईला वाटतं, माझ्या डब्यापुरती यांच्याकडं जागा नाही. आमच्याकडं अशा गोष्टींवरून दोन दोन वर्षं अबोला धरलेला मी पाहिलाय.

त्यामुळं सकाळपासून डिकी उघडी. शेवया आल्या, कुरडया आल्या, लसणाची चटणी आली, एकीनं कुंडीसकट कढीपत्ता ठेवला. बायका ठेवून जाताहेत तोवर काका मंडळी गाडीत बसून बघत होती. स्क्रीन लावून झाला, सीट मागंपुढं करून झाल्या, काचा खालीवर झाल्या, कुणीतरी जुनी गाणी लावली. गाडी अशी नुसती जागी ठेवली, पुरती चालू केली नाही, तर माझ्या गाडीत मोठी बॅटरी छोटीला काही देत नाही. सगळं छोटीच्या जिवावर चाललेलं असतं. आणि माझी छोटी काही नवी नव्हती. मी वरून गाणी ऐकत होते, वर आईला म्हटलं सुद्धा, बघ, तुझ्या निरोपाला कार्यक्रम ठेवलाय. मला, क्वालिटीच्या बाईला, कळू नये? दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

दुपार झाली. आई खाली आली. ठेवणीतली साडी, हातात पर्स, चेहरा कोरा. सगळ्या बायकांना भेटली, समोरच्या काकू तिच्या गळ्यात पडून रडल्या, तर हीच त्यांची पाठ थोपटत होती. तिच्या स्वतःच्या डोळ्यांत टिपूस नाही. माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसली आणि म्हणाली, "चला." मला म्हणाली, चला! मी बटण दाबलं. स्क्रीन लुकलुकला, आत कुठंतरी टक टक टक झालं आणि सगळं काळं.

तो आवाज मी कारखान्यात ऐकलेला. स्विच ओढायला बघतोय आणि ताकद पुरत नाही, असा.

"काय झालं?" आई.

"छोटी बॅटरी गेली."

"आणि मोठी?"

"मोठी भरलीय."

"मग तिच्यावर चालव की."

मी तिला सांगितलं, मोठीला उठवायलाच छोटी लागते. आईनं मान डोलावली. "म्हणजे कोठीत दाणे भरलेत आणि कोठीची किल्ली आत राहिली."

"हो, तसंच."

"मग बघ," ती म्हणाली, "गाडीच्या बी मनात नाही." आणि पायाशी ठेवलेली भांड्यांची पिशवी उचलून उतरली. ज्या गुडघ्यांसाठी मी तिला घेऊन जाणार होते त्याच गुडघ्यांनी ती तरातरा जिना चढून गेली.

मी गाडीच्या कंपनीला फोन लावला. तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, हे मला इतक्या वेळा सांगण्यात आलं की मी त्या बाईवर ओरडले, आणि ती बाई नव्हती, रेकॉर्डिंग होतं. शेवटी खरा माणूस भेटला. संध्याकाळपर्यंत कुणालातरी पाठवतो म्हणाला.

वर गेले तर आईनं बांधलेल्या पिशवीतलं पातेलं बाहेर काढून चहा टाकलेला. डोक्यावरून ओझं उतरल्यासारखी ओट्याशी उभी होती.

"आता संध्याकाळ होईल," ती म्हणाली. "अंधारात कशाला जायचं? पुढच्या रविवारी बघू."

"बघू" ऐकलं आणि माझा तोल गेला. "आई, तुला यायचं नाहीये ना? सरळ सांग."

"मी कुठं नाही म्हटलं?"

"हो तरी कुठं म्हटलंस? तू म्हणतीस तर येते, तू म्हणतीस तर येते! मी काय तुला पोलीस स्टेशनला नेतेय का? परत पडलीस तर कोण उचलणार आहे तुला इथं?"

"ओरडायलीस कशाला? चहा घे."

"मला नकोय चहा!"

तिनं माझ्यासाठी ओतलेला चहा परत पातेल्यात टाकला. मला वाटलं होतं, ती भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. आणि तेवढ्यात खालून आवाज आला, "जोर लगा के... हैशा!"

मी गॅलरीत धावले. खाली आमचे सगळे रिटायर काका बाह्या सरसावून माझ्या गाडीला मागून भिडलेले. एकानं चष्मा काढून बॉनेटवर ठेवलेला. गाडी तसूभर हलत नव्हती.

"काका! अहो नका, नका! ती धक्क्यानं चालू होत नाही!"

"धक्क्यानं होत नाही अशी गाडी अजून जन्माला यायचीय!" खालून उत्तर. "तू खाली ये आणि स्टिअरिंगला बस!"

मी धावत खाली. त्यांना समजावते, चाकं जाम आहेत, छोटी बॅटरी उठल्याशिवाय चाकं सुटायची नाहीत.

"मग न्यूट्रल टाक."

"न्यूट्रल टाकायला पण बॅटरी लागते, काका."

"न्यूट्रलला बॅटरी?" त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, जणू पोरीला दुकानदारानं फसवलंय आणि हिला अजून पत्ता नाही. बाकीच्यांनीही मान हलवली. मी आता रागावू का हसू, अशा स्थितीत. आणि आमची ही चर्चा रंगात आलेली असताना ड्रायव्हरच्या बाजूचं दार लागल्याचा आवाज आला.

आई येऊन स्टिअरिंगला बसली होती. पदर खोचलेला, पाठ ताठ, दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर. काका मंडळींनी वळून बघितलं. त्यांतल्या जुन्या लोकांना लगेच समजलं, मलाही समजलं.

आईला गाडी चालवता येत नव्हती. चालू करता येत होती. बाबांनी कंपनीतल्याच एकाकडून फिकट हिरवी, सेकंडहँड गाडी घेतली होती, मी शाळेत असताना. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्यांत ताज्या बॅटऱ्या घालणाऱ्या माणसाच्या गाडीची बॅटरी कायम उपाशी. नवी घ्यायची म्हणायचे, आणि काहीतरी निघायचं. त्यामुळं रविवारी देहूरोडच्या बुद्धविहाराला जायचं ठरलं की सकाळी आधी धक्का. बाबा आणि बिल्डिंगीतले चार जण मागं, मी मागच्या सीटवर, आणि स्टिअरिंगला आई. दुसरा गिअर बाबा टाकून द्यायचे. आईनं क्लच दाबून धरायचा, गाडीनं वेग घेतला की बाबा मागून ओरडायचे, "सोड!" आणि आई पाय सोडायची. गाडी गचका खायची, खोकायची आणि चालू व्हायची. आईचा पाय कधी चुकला नाही. ओव्हरटाइम करून आलेले काकासुद्धा झोपमोड करून खाली यायचे, आणि गाडी चालू झाली की टाळ्या व्हायच्या. त्या टाळ्या आईला होत्या. बाबा सांगायचे, आमच्या गाडीला दोन स्टार्टर आहेत, एक कंपनीचा आणि एक घरचा, कंपनीचा चालत नाही. आई लाजायची, पण पुढचा सगळा रस्ता खूश असायची. मागच्या सीटवर बसून मला तिची फक्त वेणी दिसायची, तीसुद्धा खूश दिसायची. काय दिवस होते! सगळ्यांच्या गाड्या बंद पडायच्या आणि सगळ्यांना धक्का द्यायला माणसं होती.

आणि आता तीच आई माझ्या गाडीत बसली होती, आणि तिचा डावा पाय खाली काहीतरी शोधत होता. चपलेनं चाचपून झालं. मग चप्पल काढून चाचपलं.

"क्लच कुठाय गं?"

"नाहीये आई. हिला क्लच नसतो."

"नसतो?"

"नसतो."

ती वाकून खाली बघत राहिली. "मग मी काय करू?" असं म्हणाली, आणि रडायला लागली. सामान बांधताना नाही, काकू गळ्यात पडल्या तेव्हा नाही, आणि आता भर रस्त्यावर, स्टिअरिंगवर डोकं टेकून. काका लोकांनी तोंडं फिरवली. एक जण उगाचच रुमालानं माझी काच पुसायला लागले.

तेवढ्यात कोपऱ्यावर रिक्षा थांबली. तळमजल्यावरचे रिक्षावाले काका जेवायला घरी आले होते. मूळचे दिघीचे, त्यांची बोली अजून तिकडचीच. "काय राडा हाय?" म्हणाले. मी डोळे पुसले.

"काका, तुमच्या रिक्षाची बॅटरी बारा व्होल्टची ना?"

"व्हय."

"जंपरच्या वायरी आहेत?"

"हायत की. पन माझी रिक्षा उठवनार व्हय एवढ्या मोठ्या गाडीला?"

"उठवायचंच आहे फक्त," मी म्हटलं. पेट्रोलच्या गाडीत बॅटरीला अख्खं इंजिन फिरवावं लागतं, त्याला दम लागतो. हिला तसलं काही नाही. कॉम्प्युटर जागे झाले आणि तो एक स्विच आत गेला की पुढचं मोठी बघून घेते. रिक्षाचा जीव तेवढ्याला पुरतो. काकांनी रिक्षा नाकाला नाक लावून उभी केली. मी बॉनेट उघडलं. मोठ्या घरच्या कार्याला आलेल्या गरीब नातलगासारखी छोटी बॅटरी कोपऱ्यात बसली होती. मी वायरी जोडल्या, आईच्या अंगावरून हात घालून बटण दाबलं. आत एकच भरदार टक झालं आणि स्क्रीन उजळला.

काय टाळ्या पडल्या म्हणता! "रिक्षानं मोटार चालू केली रे!" रिक्षावाले काका छाती काढून उभे. "आमी हाय ना," म्हणाले. काच पुसणाऱ्या काकांनी मला हळूच विचारलं, "पण आवाज का नाही?"

अशी गाडी उठली की लगेच बंद करायची नाही, थोडा वेळ चालू ठेवायची, म्हणजे मोठी छोटीला भरवते. आईला मी शेजारच्या सीटवर बसवलं, स्वतः स्टिअरिंगला बसले आणि काचा लावून घेतल्या. बाहेर मंडळी पांगली. आत आम्ही दोघी.

"चालू आहे?" आईनं विचारलं.

"चालू आहे."

ती पर्सचा बंद बोटाला गुंडाळत होती. मी म्हटलं, "आई, तुला खरंच यायचं नसेल तर नको येऊस. मी काहीतरी सोय करीन. पण मला सांग तरी, का ते."

ती म्हणाली, "लेकीकडं राहायची लाज वाटते म्हणून नाही. ते मी आपलं तोंडानं म्हणत होते. जावई चांगला आहे."

"मग?"

"तुझे बाबा दुसऱ्या पाळीला असले की किती उशिरा यायचे, तुला आठवतं? तू झोपलेली असायचीस. बेल वाजवली तर तू उठणार, म्हणून मी कडी लावायचे नाही. दार नुसतं लोटलेलं. ते हळूच ढकलून आत यायचे."

"हो."

"मी अजून कडी लावत नाही."

"म्हणजे?"

"रात्री कडी लावत नाही मी. ते गेले तेव्हापासून एकदाबी लावली नाही."

एकटी बाई, इतकी वर्षं, उघड्या दाराआड! एरवी मी आकांडतांडव केलं असतं.

"आपण असलं काही मानत नाही," ती म्हणाली. "मला कळतं. माणूस गेला की गेला, मागं काही उरत नाही, मीच तुला शिकवलं. पण कुलूप लावायचं म्हटलं की हात चालत नाही गं. मनात येतं, ते आले आणि दाराला कुलूप दिसलं तर कुठं जातील?"

मी म्हटलं, "मग नको लावू या कुलूप. दार लोटून ठेवू, तसंच. राहू दे."

मी मनापासून म्हणत होते. आईनं वळून माझ्याकडं बघितलं. डोळे अजून ओले होते, पण आदब पार उडाली होती.

"येडी का काय तू? चोर धुऊन नेतील सगळं!"

"नेऊ दे."

"नेऊ दे म्हणे! मिक्सर आहे माझा वर. बापाचं घर असं उघडं टाकून जाशील? काय शिकलीस काय एवढं?" आणि पर्समधून तिनं कुलूपकिल्ली काढून माझ्या मांडीवर आपटली. "जा, लावून ये. माझ्यानं व्हायचं नाही. तू लाव. आणि तो चहा ओतून ये, पातेलं घेऊन ये. उभी काय राहतीस, जा!"

शिव्या ऐकून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! मी जिना चढले. चहा ओतला, पातेलं विसळून पिशवीत घातलं, गॅसचा कॉक बंद केला. दोन्ही खोल्यांत एक नजर टाकली, बाहेर आले, दार ओढून घेतलं आणि कोयंड्यात कुलूप अडकवलं. मी पोरांना कारखान्यात पुराव्याशिवाय एक वायर पास करू देत नाही. पण किल्ली फिरवायच्या आधी, शपथेवर सांगते, मी मागं वळून जिन्यात खालपर्यंत बघितलं, कुणी वर येतंय का.

कुणी नव्हतं. मग मी कुलूप लावलं.